29 तारखेला मेसेज आणि 1 तारखेपासून फीवाढ. पालकांना आधी कळवायचा काही नियम आहे का?

लातूरची आई

नमस्कार. मी लातूरला एका खाजगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मिस्टर एसटीत कंडक्टर. मुलगी साडेतीन वर्षांची आहे, औसा रोडकडच्या एका शाळेच्या नर्सरीत जाते. साडेअकराला नर्सरी सुटली की त्याच इमारतीत मागच्या बाजूला त्याच संस्थेचं डे-केअर आहे, तिथं संध्याकाळी सहापर्यंत राहते. दोन्हीचे मिळून महिन्याला 4,200 रुपये भरतो. पावती एकच मिळते.

29 तारखेला रात्री नऊला शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला. जसाच्या तसा देते: "सर्व पालकांना कळविण्यात येते की, वाढत्या खर्चामुळे दि. 1 पासून मासिक फी रु. 5,400 राहील. कृपया सहकार्य करावे." बस्स, एवढंच. कशाचा खर्च वाढला, नर्सरीचे किती वाढले, डे-केअरचे किती, काही नाही. ग्रुप 'ओन्ली ॲडमिन' आहे, म्हणून खाली कुणाला काही विचारताही येत नाही. दुसऱ्या दिवशी लेकीला सोडायला गेले तर ऑफिसातल्या मॅडम म्हणायल्या, "वरून आलंय, आम्हाला पण कालच कळलं."

फी वाढू नये असं माझं म्हणणं नाही, हे आधीच सांगते. ट्यूशनच्या पोरांमुळं लातुरात जागेची भाडी कुठं गेलीत ते आम्ही बघतोच. उन्हाळ्यात टँकर लावावे लागतात तेही माहीत आहे. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या गावात राहतो आम्ही, पाण्याचा खर्च कुणी आम्हाला समजावून सांगायची गरज नाही. पण महिन्याला 1,200 रुपये, म्हणजे 28 टक्क्यांच्या वर, आणि मध्ये दोन दिवस? माझा पगार 7 तारखेला होतो. भिशी, गाडीचा हप्ता, सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या हे सगळं आधीच लागलेलं असतं. दोन महिने आधी कळलं असतं तर भिशीचा नंबर अलीकडं ओढून घेतला असता, नाहीतर दुसरीकडं चौकशी तरी केली असती.

आणि दुसरीकडं जायचं म्हणलं तरी लेकराचं काय? जूनमध्ये घातली तेव्हा कितीतरी दिवस डबा तसाच परत यायचा. आता तिथल्या मावशींच्या हातानं वरणभात खाते, त्यांच्याच मांडीवर झोपते. झोपताना मावशींच्या पदराचं टोक मुठीत धरून ठेवती. दिवाळी झाल्यावर असं लेकरू उचलायचं आणि नव्या जागी नेऊन सोडायचं, हे मला जमणार नाही. संस्थेला पण ते चांगलं ठाऊक आहे. मला राग आलाय तो याचाच. वर्षाच्या मध्ये आईबाप कुठं जाणार नाहीत हे धरूनच हा मेसेज पाठवलाय.

प्रवेशअर्ज काढून बघितला. मागच्या पानावर बारीक अक्षरात नियम आहेत, त्यात 11 नंबरला लिहिलंय, "फीमध्ये पूर्वसूचना न देता बदल करण्याचा अधिकार संस्थेस राहील." खाली पालकांची सही. म्हणजे आता काहीच करता येत नाही का? कुणाला पक्की माहिती असेल तर सांगा. "आजकाल सगळीकडं असंच आहे" हे कृपया सांगू नका, ते घरच्यांनी सांगून झालंय.

सिडकोकर (छ. संभाजीनगर)

ताई, करता येतं. मी आमच्या मुलाच्या शाळेत कार्यकारी समितीवर होतो, त्यामुळं हा कायदा थोडाफार हाताळलेला आहे.

तुमच्या पावतीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्यात. त्या आधी सोडवा, कारण दोन्हीला लागणारे नियम वेगळे आहेत.

नर्सरी शाळेला जोडलेली आहे. तिला महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, 2011 लागू होतो. नाव 2011 चं असलं तरी तो प्रत्यक्षात आला 2014 मध्ये. त्यात फी ठरवायची पद्धत घालून दिलेली आहे. शाळा सुरू झाली की पालक-शिक्षक संघ करायचा. त्यातून चिठ्ठ्या टाकून कार्यकारी समिती निवडायची. मुख्याध्यापक अध्यक्ष, उपाध्यक्ष पालकांमधला, आणि प्रत्येक इयत्तेचा एक पालक, एक शिक्षक. पुढच्या वर्षाची फी वाढवायची असेल तर व्यवस्थापनानं नवं वर्ष सुरू होण्याच्या किमान 6 महिने आधी हिशेबाच्या कागदांसकट प्रस्ताव या समितीपुढं ठेवायचा. जूनला शाळा भरत असेल तर साधारण डिसेंबरच्या सुरुवातीलाच. समितीनं 30 दिवसांत निर्णय द्यायचा. ठरलेली फी सूचनाफलकावर लावायची आणि ती 2 शैक्षणिक वर्षं बंधनकारक राहते.

म्हणजे दिवाळीनंतर, चालू वर्षात, व्हॉट्सॲपवर नर्सरीची फी वाढवणं या कायद्यात कुठंच बसत नाही. आणि तुमच्या फॉर्मवरच्या 11 नंबरनं कायदा बाजूला सारता येत नाही. सही तुमची असली तरी नाही.

आमच्या समितीत पहिल्या बैठकीला शाळेनं एका पानाचा कागद आणला होता, "प्रस्तावित वाढ" म्हणून. आम्ही पालकांनी पगारपत्रक, वीजबिलं, इमारतीच्या दुरुस्तीच्या पावत्या मागितल्या. सुरुवातीला तोंडं वाकडी झाली, पण पुढच्या बैठकीला फाईल आली. फाईल बघितल्यावर शिक्षकांच्या पगाराची वाढ आम्हाला पटली, ती आम्ही मान्य केली. 'स्मार्ट क्लास'च्या नावाखालची रक्कम मात्र मान्य केली नाही, कारण ती यंत्रणा बसवलेलीच नव्हती. कागद समोर आले की भांडण निम्मं होतं.

अजून एक. बरेच पालक म्हणतात, कायद्यानं 15 टक्क्यांपर्यंत वाढ चालते. तसं नाही. शाळेनं मागितलेली फी आणि समितीनं मान्य केलेली फी यात 15 टक्क्यांहून जास्त फरक पडला तर व्यवस्थापन विभागीय शुल्क नियामक समितीकडं जाऊ शकतं, त्यासाठी तो आकडा आहे. पालकांना जायचं असेल तर नंतरच्या दुरुस्तीनं किमान 25 टक्के पालकांनी मिळून जावं लागतं. एकट्यादुकट्याचा अर्ज तिथं टिकत नाही, म्हणून आत्तापासून सह्या गोळा करा. तुमचा लातूर विभाग, म्हणजे लातूर, नांदेड, धाराशिव. शिक्षण उपसंचालकांचं कार्यालय तुमच्याच गावात आहे.

डे-केअरचं तसं नाही. पाळणाघरानं फी वाढवताना किती दिवस आधी कळवावं हे सांगणारा वेगळा नियम आपल्या राज्यात नाही. तिथं तुमचा प्रवेशअर्ज हाच करार. पण करार म्हणजे दोघांचा, मध्येच एकानं बदलला आणि दुसऱ्यानं मुकाट्यानं भरायचं, हे ग्राहक म्हणून तुम्ही ऐकून घ्यायची गरज नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915 वर तक्रार नोंदवता येते, मराठीतही. पण त्याच्या आधी लेखी पत्र द्या. तोंडी बोललेलं पुढं कुठंच धरलं जात नाही.

बालवाडीताई (नांदेड)

मी बरीच वर्षं घरच्या जागेच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्या घेऊन बालवाडी आणि पाळणाघर चालवते. म्हणून दुसऱ्या बाजूनं लिहिते, पण लातूरच्या ताईंच्या विरोधात नाही.

फी वाढवावी लागते, हे खरं आहे. जागेचा 11 महिन्यांचा करार असतो, नूतनीकरणाला मालक भाडं वाढवतोच. मावशींचा पगार वाढवला नाही तर त्या सोडून जातात, आणि मावशी गेली की लेकरं आजारी पडल्यासारखी होतात. मी लहान गटाला दहाच्या वर लेकरं एका मावशीकडं देत नाही. बालहक्क आयोगाच्या खाजगी प्ले-स्कूलच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 20 मुलांमागं एक शिक्षिका आणि एक मदतनीस धरलेली आहे, पण दोन-अडीच वर्षांच्या लेकरांना ते पुरत नाही. ज्यांनी शी-शू, भरवणं, झोपवणं केलंय त्यांनाच ते कळतं. या सगळ्याला पैसे लागतात.

पण यातला एकही खर्च 29 तारखेला रात्री नऊ वाजता समजत नाही हो. भाड्याचा करार कधी संपणार ते मला वर्षभर आधी माहीत असतं. पगार जूनपासून वाढवायचे ते मी संक्रांतीलाच ठरवते. मग पालकांना का नाही सांगायचं? मी फेब्रुवारीत पत्र देते. आतापर्यंतची फी, जूनपासूनची फी, वाढ कशामुळं, आणि खाली पालकांची सही. ज्यांना परवडणार नाही त्यांनी एप्रिलअखेर सांगायचं, त्यांचं डिपॉझिट पूर्ण परत. एक-दोघं जातात. त्यांच्या जागी नवीन लेकरं घ्यायला मलाही वेळ मिळतो. वर्षाच्या मध्ये मी कधीच वाढवत नाही.

अचानक वाढवली की पालक संस्थाचालकाला गाठत नाहीत, दारात उभ्या असलेल्या मावशीलाच बोलतात. ती बिचारी महिन्याला थोड्याशा पगारावर लेकरं सांभाळती आणि वर हे ऐकून घेती. मी दुसऱ्यांकडं नोकरी करायची तेव्हा ते सगळं माझ्या वाट्याला आलंय.

ताई, तुम्ही पावती वेगळी मागाच. आणि 2025 मध्ये शालेय शिक्षण विभागानं 3 ते 6 वयोगटाच्या खाजगी केंद्रांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलंय, त्यात विद्यार्थीसंख्या, सुविधा, कर्मचारी ही माहिती भरायची असते. तुमच्या संस्थेनं ती केलीय का, हेही विचारा.

जालनावाला

प्रायव्हेट आहे म्हणल्यावर ते वाढवणारच. परवडत नसेल तर अंगणवाडीत घाला की. फुकट आहे, खाऊ पण मिळतो.

लातूरची आई

दादा, अंगणवाडीला नावं ठेवत नाही मी. माझी नणंद रेणापूर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे, ती किती राबते ते मला माहीत आहे. पण अंगणवाडी दुपारी सुटते आणि माझी ड्युटी साडेपाचला संपते. मिस्टरांची ड्युटी कधी लातूर-सोलापूर, कधी मुक्कामी गाडी. दुपारी दोनला लेकरू कुणाकडं ठेवू? सासूबाई गावाकडं, सोयाबीन काढणीला त्यांनाच माणूस पुरत नाही. केंद्र सरकारची 'पाळणा' योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची, 2022 पासून. आमच्या भागात ते केंद्र नाही, मी वॉर्डात विचारून आले. असतं तर पहिली मी गेले असते.

आणि "परवडत नसेल तर" हा मुद्दाच नाही. 5,400 पण आम्ही कसेबसे भरू. बायका नोकरी सोडतात ते अशाच महिन्यात. पगारातून डे-केअर वजा केलं की हातात काय राहतं याचा हिशोब घरातले मोठे मांडायला लागतात. आमच्या लॅबमधल्या एका मैत्रिणीनं मागच्या वर्षी असाच हिशोब ऐकून नोकरी सोडली. फी आधी कळली असती तर तिनं नाईटच्या बदल्यात डे शिफ्ट मागून घेतली असती. तिला तेवढा वेळच कुणी दिला नाही.

सिडकोकर, बालवाडीताई, तुमच्या दोघांचं लिहिलेलं प्रिंट काढून घेतलंय. उद्या शाळा सुटायच्या वेळेला बाकीच्या आयांना दाखवते.

उदगीरची लेक (मेलबर्न)

मी मूळची उदगीरची, आता ऑस्ट्रेलियात. इथं डे-केअरच्या फीबद्दल स्पष्ट नियम आहे म्हणून सांगते. शिक्षण व बालसंगोपन सेवांची देशपातळीवरची नियमावली आहे, तिचा 172 वा नियम. लेकरांच्या फीवर किंवा ती घेण्याच्या पद्धतीवर परिणाम होईल असा बदल करायचा असेल, तर केंद्रानं पालकांना किमान 14 दिवस आधी कळवायचं. आमच्या केंद्राकडून ईमेल येतो, त्यात जुनी रोजची फी, नवी रोजची फी आणि लागू होण्याची तारीख असते.

खरं सांगायचं तर 14 दिवस मला पुरेसे वाटत नाहीत. चांगल्या केंद्रांना वेटिंग लिस्ट असते, दोन आठवड्यांत दुसरी जागा मिळत नाही. पण निदान खाली एक मर्यादा आहे. तुमच्याकडं डे-केअरला तीच नाही, म्हणून तुम्हाला ती फॉर्ममध्येच लिहून घ्यावी लागेल.

अजून एक विचारते. ताई, तुमच्या हॉस्पिटलात किती लोक कामाला आहेत? आपल्याकडं 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी मालकानं पाळणाघराची सोय करायची, आणि आईला दिवसातून 4 वेळा लेकराकडं जाऊ द्यायचं, हे 2017 पासून कायद्यात आहे. मी पुण्यात नोकरीला होते तेव्हा आम्ही बायकांनी मिळून मागितलं होतं, कंपनीनं जवळच्या पाळणाघराशी करार करून दिला.

लातूरची आई

50 च्या कितीतरी वर आहेत! नर्स, आया, लॅब, रिसेप्शन धरून तर खूपच. हे आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही. हा विषय मी वेगळा काढते, आधी शाळेचं बघते.

आता काय झालं ते सांगते. साडेअकराला आणि सहाला गेटपाशी थांबून सह्या घेतल्या. काहीजणी घाबरल्या, "लेकरावर राग काढतील" म्हणायल्या. ज्यांनी सही केली नाही त्यांना मी काही बोलले नाही, भीती खोटी नसते. तरी पुरेशा झाल्या. एका मुलीचे आजोबा निवृत्त क्लार्क आहेत, त्यांनी मजकूर नीट करून दिला. कुणाला लागला तर घ्या:

"मा. मुख्याध्यापक यांस, दि. 29 रोजी ग्रुपवर कळविलेल्या फीवाढीबाबत आम्ही खालील पालक विनंती करतो की, (1) नर्सरी व डे-केअर यांची फी व पावती स्वतंत्र करावी. (2) नर्सरीच्या फीस कार्यकारी समितीची मान्यता कोणत्या बैठकीत मिळाली, त्या इतिवृत्ताची प्रत द्यावी. (3) कार्यकारी समितीच्या सदस्यांची यादी सूचनाफलकावर लावावी. (4) डे-केअरच्या वाढीची कारणे लेखी कळवावीत. तोपर्यंत आम्ही पूर्वीच्या दराने फी भरत आहोत, ती स्वीकारावी."

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मागितली. मॅडम आधी "ठेवून जा" म्हणल्या. आजोबा खुर्चीत बसून राहिले, "पोच मिळाल्याशिवाय जात नाही" म्हणून. मग शिक्का मारला.

समितीची यादी विचारली तर यंदा संघाची बैठकच झालेली नाही असं कळलं. कागदावर असेल तर असेल, आम्हा नर्सरीच्या पालकांना तरी कुणी बोलावलं नव्हतं.

काल मुख्याध्यापकांनी बोलावलं. नर्सरीची फी मेपर्यंत आहे तीच राहील असं सांगितलं, तोंडीच. आम्ही लेखी मागितलंय. डे-केअरचं मात्र "ते चालवणारे वेगळे आहेत" म्हणून हात वर केले. संस्था तीच, पावती तीच, बँक खातं तेच, आणि चालवणारे वेगळे! सोमवारी त्यांच्यासोबत बैठक आहे. काय मागू? बालवाडीताई, तुम्हीच सांगा, किती मुदत मागितली तर ती रास्त होईल?

बालवाडीताई (नांदेड)

दोन महिने मागा. महिनाभरात पालकाला दुसरी जागा मिळत नाही आणि केंद्राला दुसरं लेकरू मिळत नाही, म्हणून दोन. वाढ वर्षातून एकदाच आणि जूनपासूनच. 11 नंबरचा नियम खोडून त्या जागी हे लिहून घ्या आणि बाजूला दोन्हीकडच्या सह्या घ्या. डिपॉझिटचंही त्याच वेळी विचारा, नंतर ते काढायला जड जातं.

या वर्षी त्यांचा खरंच खर्च वाढला असेल तर बोलताना एक वाट मोकळी ठेवा. जानेवारीपासून थोडी वाढ, बाकी जूनपासून, असं काही. मावशींचा पगार त्यातून वाढणार का, हे जरूर विचारा. वाढणार असेल तर बाकीच्या आयाही कुरकुर करणार नाहीत, मला अनुभव आहे.

सिडकोकर (छ. संभाजीनगर)

ताईंनी सांगितलं ते बरोबर. फक्त बैठकीत जे ठरेल त्याचं इतिवृत्त तिथंच लिहून, हजर असलेल्यांच्या सह्या घेऊन उठा. "नंतर टाईप करून पाठवतो" म्हणले तर हातानं लिहा, चालतं. आणि या महिन्याची 4,200 रुपये फी रोख देऊ नका, ऑनलाईन भरा, शेऱ्यात महिना लिहा. उद्या कुणी "फी थकवली" म्हणलं तर तुमच्याकडं पुरावा पाहिजे.

लातूरची आई

आजच भरली, शेऱ्यात "नर्सरी व डे-केअर, पूर्वीचा दर" लिहिलंय. बाकीच्यांनाही तसंच सांगितलं. सोमवारी आजोबा येणार आहेत, मिस्टरांनी पण ड्युटी बदलून घेतलीय. बैठक झाली की इथं लिहिते.